बिनदाताचा ठराव

डिसेंबर २०१९ मधली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातली कुठलीही ग्रामीण काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा भाग, डोळ्यांसमोर आणा. कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची महिन्याची बैठक. एरवी तिथं येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. एखाद्याचा शेडचा परवाना अडलेला असतो, एखाद्याची रस्त्याबद्दल तक्रार असते, आणि कोपऱ्यात पेंगत बसलेला स्थानिक वार्ताहर. त्या महिन्यात मात्र दाराबाहेर रांग, पार्किंगमध्ये ट्रकांची गर्दी आणि जवळजवळ प्रत्येकाच्या जाकिटावर भडक नारिंगी रंगाचा गोल स्टिकर. ‘गन्स सेव्ह लाइव्ह्ज’, म्हणजे बंदुका जीव वाचवतात. हा नारिंगी रंग शिकाऱ्यांच्या जाकिटाचा. हरणाच्या डोळ्याला तो फारसा उठून दिसत नाही, पण झाडीपलीकडच्या दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतो. बोर्डाच्या खुर्चीवरून समोर पाहणाऱ्या सुपरवायझरलाही तो तसाच दिसावा, हाच त्यामागचा हेतू. डोकी मोजायला सोपी पडतात.

बंदूकमालकांचं संघटन म्हटलं की बहुतेकांच्या नजरेपुढे २० जानेवारी २०२० ची राज्याच्या राजधानीतली, रिचमंडमधली छायाचित्रं येतात: लष्करी छापाचे कपडे, खांद्याला रायफली, गोठवणारी थंडी. मला मात्र महत्त्वाच्या वाटतात त्या डिसेंबरातल्या, येऊ घातलेल्या बंदूककायद्यांविरुद्ध ठराव करणाऱ्या रटाळ बैठका. त्या कशा जमवल्या, ठरावात काय लिहिलं, कुठं फसलं आणि त्यातून नेमकं काय पदरात पडलं, हे पाहिलं तर चळवळीची खरी ताकद आणि तिची गोचीही दिसते.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीच शहराच्या पालिका इमारतीत तिथल्याच एका अभियंत्यानं १२ जणांना गोळ्या घालून मारलं. त्याच्याकडची .४५ ची पिस्तुलं कायदेशीररीत्या घेतलेली होती. त्यांतल्या एकाला आवाज दाबणारा सप्रेसर होता, आणि जास्त गोळ्यांची मॅगझिनंही त्याच्याकडे होती. राज्यपाल राल्फ नॉर्थम यांनी ९ जुलैला विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. तेव्हा दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं निसटतं बहुमत होतं. त्यांनी सगळी विधेयकं अभ्यासासाठी क्राइम कमिशनकडे पाठवून दीड तासात अधिवेशन गुंडाळलं. नोव्हेंबरात मतदारांनी पारडं फिरवलं: सिनेटमध्ये डेमोक्रॅट २१ विरुद्ध १९, हाउसमध्ये ५५ विरुद्ध ४५. राज्यपालपद आणि दोन्ही सभागृहं पुन्हा डेमोक्रॅटांकडे यायला दोन दशकांहून जास्त काळ लोटला होता. त्या बदलात आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावीत अशी दोन नावं आहेत. हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी रिचमंडजवळची सिनेटची जागा रिपब्लिकनांकडून खेचून निवडून आल्या, आणि लाउडन काउंटीतून सुहास सुब्रह्मण्यम हाउसमध्ये गेले. लाउडन आणि फेअरफॅक्स म्हणजे वॉशिंग्टनच्या कुशीतली उपनगरं. मराठी कुटुंबंही तिथं बरीच. राज्याचं राजकारण बदललं ते मुख्यतः असल्या उपनगरांमुळे, आणि ठरावांचं मोहोळ उठलं ते डोंगर-शेतीच्या काउंट्यांत.

निवडणुकीनंतर दोन आठवडे होतात न होतात तोच सिनेटमध्ये एसबी १६ हे विधेयक दाखल झालं, आणि ठिणगी तिथं पडली. त्यात ‘असॉल्ट फायरआर्म’ची, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकीची, व्याख्या रुंद केली होती, आणि अशी बंदूक नुसती जवळ बाळगणंही गंभीर गुन्हा ठरणार होता. ज्यांच्याकडे ती आधीपासून कायदेशीररीत्या आहे त्यांना सूट देणारं कलमच नव्हतं. बंदी पुढच्या विक्रीवर घालणं वेगळं आणि काल दुकानातून पावती घेऊन आणलेल्या वस्तूसाठी उद्या तुरुंग म्हणणं वेगळं. हे विधेयक पुढं मांडणाऱ्यानंच जानेवारीत मागं घेतलं. पण तोवर वणवा पेटला होता. संघटना बांधणारा कुणीही सांगेल की सदस्य आपल्या कर्तृत्वानं वाढतात त्यापेक्षा समोरच्याच्या ढिसाळ मसुद्यामुळे जास्त वाढतात.

त्यात तेल ओतलं अर्थसंकल्पातल्या एका आकड्यानं. बंदूकविषयक विधेयकांपोटी तुरुंग खात्याला अडीच लाख डॉलर. ‘आम्हाला आत टाकायची तजवीज झाली,’ अशी आवई उठली. खरं कारण कारकुनी होतं. ज्या विधेयकानं तुरुंगवास वाढू शकतो त्याचा खर्च आधी दाखवायचा, आणि अंदाजच बांधता येत नसेल तर किमान ५०,००० डॉलर धरायचे, असा व्हर्जिनियाचा नियम आहे. पाच विधेयकं, पाच वेळा पन्नास हजार. पण असा खुलासा सभेत टाळ्या घेत नाही.

आता ठरावाकडे. बोर्डावर साधारण पाच ते नऊ जण असतात आणि त्यातला एक तरी विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला तयार लागतो. म्हणून पहिली पायरी सभा भरवणं ही नसून एका सुपरवायझरला आधी गाठणं ही. तो तयार झाला की मसुदा काउंटीच्या वकिलाकडे जातो, आणि तिथं शब्दांची काटछाट सुरू होते. बंदूकमालकांच्या संघटनेकडून आलेल्या नमुन्यात असतं की दुसऱ्या घटनादुरुस्तीनं दिलेल्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर गदा आणणाऱ्या कामासाठी काउंटीचा पैसा, माणसं, इमारती वापरल्या जाणार नाहीत. वकील ‘जाणार नाहीत’च्या जागी ‘जाऊ नयेत असा बोर्डाचा मानस आहे’ असं करतो. ‘अभयस्थान’ (सँक्चुअरी) खोडून ‘घटनानिष्ठ काउंटी’ लिहितो. कुठं आणखी पातळ करून ‘विधिमंडळाला विनंती’ इतकंच उरतं. आपल्या ग्रामपंचायतीच्या ठरावात ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ असतं ना, तसंच तिथंही असतं. सगळा पीळ ज्याअर्थीत, आणि त्याअर्थीत पोचेपर्यंत दोरी सैल झालेली. पुढं जेव्हा शंभराहून जास्त काउंट्या, शहरं आणि गावं ‘आमच्या बाजूनं’ असा आकडा फिरला, तेव्हा त्यात तिखट ठरावही होते आणि नुसते विनंतीपत्रासारखेही. यादीत मात्र सगळ्यांना एकच रंग.

‘सँक्चुअरी’ हा शब्द कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. मराठी माणसाला या शब्दाला कर्नाळा नाहीतर राधानगरी आठवेल. तिथं तो आला स्थलांतरितांच्या बाजूच्या शहरांकडून. ‘कागदपत्रं नसलेल्यांना पकडायला आमचे पोलीस केंद्राला मदत करणार नाहीत’ असं म्हणणारी ती सँक्चुअरी शहरं. त्यांच्यावर तोंडसुख घेणाऱ्या लोकांनीच तो शब्द उचलून स्वतःच्या दारावर लावला. थट्टाही झाली आणि कामही झालं.

बैठकीच्या दिवशी घोटाळे होतात ते जागेवरून. सभागृहाच्या भिंतीवर क्षमतेची पाटी असते आणि त्यापुढे एक डोकं गेलं तरी फायर मार्शल दार लावून घेतो. मग दोनशे आत, आठशे थंडीत, आणि बाहेरच्यांचा संताप आत बसलेल्या आपल्याच बाजूच्या सुपरवायझरवर. जाणते कार्यकर्ते आठवडाभर आधी काउंटीच्या क्लार्कला गाठून सांगतात की गर्दी होणार, मोठी जागा बघा. आधी सांगायचं ते यासाठी की नियमित बैठकीची जागा किमान तीन कामकाजाचे दिवस आधी जाहीर व्हावी लागते. ऐन वेळी सभा हलवली तर झालेल्या ठरावावरच बोट ठेवता येतं.

मोठी जागा म्हणजे बहुतेक वेळा हायस्कूलची जिम किंवा नाट्यगृह. आणि इथं गंमत आहे. शाळेच्या आवारात बंदूक नेणं हा व्हर्जिनियात गंभीर गुन्हा, आणि त्यात दोषी ठरलेल्याला पुढं बंदूक बाळगताच येत नाही. म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी जमलेल्या हजार माणसांनी आधी बंदुका काढून ठेवायच्या. ज्याच्याकडे लपवून बाळगायचा परवाना आहे त्यानं आवारातल्या गाडीत ठेवली तर चालतं. नसेल त्यानं रिकामी करून बंद पेटीत. हे निमंत्रणाच्या पहिल्या ओळीत ठळक लिहिलं नाही, तर कुणीतरी सवयीनं कमरेला लावून आत येतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी ठरावाची न होता त्याची होते.

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, नाव आधी कागदावर लिहायचं. दोनशे जणांनी नावं दिली तर झाली दहा तासांची निश्चिती. अध्यक्ष वेळ दोन मिनिटांवर आणतो, मग एकावर, आणि साडेअकराला जांभया देणारं बोर्ड ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून उठतं. म्हणून दहा-पंधरा वक्ते निवडायचे, बाकीच्यांनी नावं न देता फक्त उभं राहायचं. वक्ते निवडण्यातही कला आहे. घटनेवर व्याख्यान देणाऱ्याला मागं ठेवायचं. पुढं कोण? डोंगरातल्या एकट्या घरात राहणारी बाई, जिच्याकडे शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची, गाडी पोचायला अर्धा तास लागतो. गुरांवर कोल्हे-कायोटी येतात तो शेतकरी. निवृत्त पोलीस. सुपरवायझरला हे चेहरे ओळखीचे असतात. तो त्यांच्याच चर्चमध्ये जातो आणि पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच दारात उभा राहणार असतो. परगावच्या पाटीच्या गाड्या पार्किंगमध्ये जितक्या जास्त, तितकं या सगळ्याचं वजन कमी.

आणि एवढं करून ठराव मंजूर झाला, की त्याला कायद्यात किंमत किती? शून्य.

व्हर्जिनिया डिलनचा नियम पाळतं. स्थानिक संस्थेला तेवढेच अधिकार, जेवढे विधिमंडळानं शब्दांत लिहून दिले. राज्याचा कायदा लागू करायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुठंही लिहून दिलेला नाही. अॅटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी २० डिसेंबर २०१९ ला लेखी मत दिलं, ते हेच: या ठरावांना कायदेशीर परिणाम नाही. दुसरी मेख याहून बारीक. ठरावात ‘आमचा शेरीफ हा कायदा राबवणार नाही’ असा सूर असला तरी शेरीफ बोर्डाच्या हाताखाली नसतोच. तो थेट लोकांतून निवडून येतो, सरकारी वकील आणि कोषाधिकाऱ्यासारखाच. त्याच्या माणसांच्या पगारातला वाटा राज्याच्या कंपेन्सेशन बोर्डाकडून येतो. म्हणजे बोर्ड त्याला हुकूम देऊ शकत नाही, आणि तो राज्याशी पंगा घेईल तर पगाराची नाडी राज्याच्या हातात. कल्पेपर काउंटीच्या शेरीफनं ‘वेळ पडली तर हजारो नागरिकांना डेप्युटी (आपले हाताखालचे पोलीस) करून घेईन’ असं जाहीर केलं, त्याची बातमी देशभर गेली. पण नळ एकीकडे आणि टाकी भलतीकडे.

आपल्याला हा प्रकार अगदीच परका नाही. सांगलीच्या जत तालुक्यातल्या दुष्काळी गावांनी पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जायचा ठराव केला होता. २०२२ च्या शेवटी तो जुना ठराव कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी उकरून काढला, आणि मुंबईत एकदम म्हैसाळ योजनेच्या पाण्याची घाई सुरू झाली. ग्रामपंचायतीच्या ठरावानं राज्याची सीमा तसूभर हलत नाही, हे जतच्या माणसालाही ठाऊक होतं. ठराव बेळगावात वाचण्यासाठी नव्हताच, मुंबईत ऐकू जाण्यासाठी होता. याउलट बाटली आडवी करण्यासाठी गावातल्या बाया अर्ज करतात, त्यामागे सरकारी नियम आहे, मतदान आहे, आणि पुरेशी मतं पडली की दुकानाला खरंच टाळं लागतं. दात असलेला ठराव तो. व्हर्जिनियातले ठराव जतच्या जातकुळीचे.

मग वाचणारा कोण होता? रिचमंडमधले चाळीस सिनेटर. त्यातही ज्यांच्या मतदारसंघात शहर आणि डोंगर दोन्ही येतात असे चार-सहा जण. हे ज्या कार्यकर्त्यांना कळलं होतं त्यांनी ठरावाचा उपयोग यादीसारखा केला. बैठकीला आलेल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, आणि मुख्य म्हणजे त्याचा सिनेट आणि हाउसचा मतदारसंघ लिहून घेतला. काउंटीची हद्द आणि मतदारसंघाची हद्द जुळत नाही. हे न पाहता पाठवलेली पत्रं भलत्याच आमदाराकडे जातात, आणि तिथला मदतनीस पत्त्याचा पिनकोड पाहून ती बाजूला ठेवतो. ज्यांना हे कळलं नव्हतं ते नकाशा रंगवत बसले. राज्यातल्या ९५ काउंट्यांपैकी बहुतेक सगळ्या एका रंगात, आणि वर वॉशिंग्टनजवळ एक लहानसा कोरा ठिपका. नकाशा खोटा नव्हता. पण त्यानं जमीन मोजली होती, माणसं त्या ठिपक्यात होती. एकट्या फेअरफॅक्स काउंटीत अकरा लाखांहून जास्त लोक राहतात, आणि डोंगरातल्या कित्येक काउंट्यांत वीस हजारसुद्धा नाहीत.

ठिपक्याच्या काठावर काय होतं ते प्रिन्स विल्यम काउंटीत दिसलं. मावळत्या रिपब्लिकन बोर्डानं १० डिसेंबरला ठराव केला, आणि नव्या डेमोक्रॅट बोर्डानं ७ जानेवारीला पहिल्या सपाट्यात तो पुसला. व्हर्जिनिया बीचचं उलट. जिथं बारा माणसं गेली त्या शहराच्या कौन्सिलनं जानेवारीत ‘घटनानिष्ठ शहर’ असा ठराव मंजूर केला. तो अनेकांना जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटला असेल, आणि तसं वाटणं मी चूक म्हणणार नाही.

रिचमंडच्या दिवसाबद्दल. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुटी सोमवारी येते आणि अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं. म्हणून नोकरदारांना रजा न घेता आमदारांना भेटायला हा दिवस सोयीचा. व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग ही इथली मुख्य संघटना दरवर्षी याच दिवशी येते. एरवी काही शे माणसं, तीन-चारच्या गटांत आमदारांच्या कचेऱ्यांत जातात, पाच मिनिटं बोलतात, विधेयकांचे क्रमांक आणि ‘बाजूनं’ किंवा ‘विरोधात’ एवढंच लिहिलेलं कार्ड ठेवून निघतात. २०२० मध्ये पोलिसांच्या अंदाजानं २२,००० लोक आले. नॉर्थम यांनी शार्लट्सव्हिल शहरात २०१७ मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसेचा दाखला देत १५ जानेवारीला आणीबाणी जाहीर करून कॅपिटलच्या आवारात शस्त्रबंदी लावली. संघटना न्यायालयात गेली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १७ तारखेला बंदी उठवायला नकार दिला. त्यामुळे सुमारे सहा हजार लोक तपासणीतून निःशस्त्र आत गेले आणि बाकीचे रस्त्यांवर राहिले, बरेचसे शस्त्रांसह.

रस्त्यावर उभं राहणंही वाटतं तेवढं सोपं नाही. रिचमंडसह ठरावीक शहरांत, वीसपेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन लावलेली भरलेली अर्धस्वयंचलित रायफल सार्वजनिक जागी नेता येत नाही. पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना असेल तर मात्र येते. डोंगरातल्या आपल्या काउंटीत हे कलमच लागू नसल्यानं अनेकांना ते माहीत नसतं. दुसरं कलम चेहरा झाकण्याचं. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी टोळीच्या बुरख्यांविरुद्ध केलेला जुना कायदा आहे, आणि ओळख लपवण्यासाठी चेहरा झाकणं हा त्याखाली गंभीर गुन्हा. कडाक्याच्या थंडीत नाकावर रुमाल ओढणं साहजिकच. दिवसभरात अटक झाली ती एकच, आणि ती चेहऱ्यावरच्या रुमालासाठीच. कुणाला इजा झाली नाही, गोळी सुटली नाही, जाताना लोकांनी कचराही उचलला.

हे सगळं खरं, आणि तरी तो दिवस मला संघटनाचं यश वाटत नाही. त्याच दिवशी दरवर्षी बंदुकीनं गेलेल्यांसाठी होणारी शोकसभा आयोजकांनी सुरक्षेच्या काळजीनं रद्द केली. एका बाजूच्या हातात रायफली असल्यानं दुसरी बाजू घरी बसली, तर उरलेल्या शांततेचं श्रेय कुणाला द्यायचं? शिवाय त्या दिवशी कॅमेऱ्यात आला तो रायफलवाला, आणि कचेरीत कार्ड ठेवून गेलेला माणूस दिसलाच नाही. काम त्यानं केलं होतं.

त्याच्या कामाचा कस लागला एचबी ९६१ वर. अलेक्झांड्रियाचे मार्क लेव्हिन यांचं हे विधेयक ११ फेब्रुवारीला हाउसमध्ये ५१ विरुद्ध ४८ नं मंजूर झालं. पंचावन्न डेमोक्रॅट असलेल्या सभागृहात एक्कावन्न, म्हणजे भेगा तिथंच दिसत होत्या. बारापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनावर बंदी, आणि ‘असॉल्ट फायरआर्म’च्या विक्रीवर बंदी. ती ओळखायची कशी? सेंटरफायर काडतुसाची (तळाच्या मध्यावर ठोका बसून पेटणाऱ्या) अर्धस्वयंचलित रायफल, मॅगझिन सुटं होणारं, आणि त्यावर एखादं ठरावीक अंग: घडी होणारा किंवा आतबाहेर सरकणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, नळीच्या टोकाला आटे, असं काही. इथं बंदूकवाल्यांचा जाणकार माणूस उपयोगी पडतो, पण त्यानं जपून बोलायला हवं. ‘तुम्हाला बंदुकीतलं काही कळत नाही’ असं समितीला सुनावणारा साक्षीदार आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. याउलट एकच सुटा भाग टेबलावर ठेवून सांगावं: हा सरकता दस्ता. बायको बुटकी, नवरा उंच, तर एकच रायफल दोघांच्या खांद्याला बसावी म्हणून तो तीन-चार इंच आतबाहेर होतो. याच्यामुळे गोळी जोरात जात नाही, लवकरही सुटत नाही. हा काढला तर हीच रायफल कायदेशीर, आणि लावला तर गुन्हा. एवढं पुरतं. मॅगझिनची बाजू मात्र त्यांना इतकी सोपी नव्हती. जास्त गोळ्यांच्या मॅगझिनानं काय होतं ते व्हर्जिनिया बीचमध्ये लोकांनी पाहिलं होतं, आणि ‘मॅगझिन बदलायला दोन सेकंद लागतात’ हे उत्तर हल्ल्यातून जिवंत सुटलेल्या माणसाच्या तोंडावर देता येत नाही.

१७ फेब्रुवारीला सिनेटच्या न्यायविषयक समितीत मतदान झालं. पंधरा जणांची समिती, डेमोक्रॅटांचं बहुमत. क्री डीड्स, जॉन एडवर्ड्स, चॅप पीटरसन आणि स्कॉट सुरोव्हेल हे चार डेमोक्रॅट रिपब्लिकनांबरोबर गेले, आणि दहा विरुद्ध पाच मतांनी विधेयक पुढच्या वर्षावर ढकलून अभ्यासाला पाठवलं. व्हर्जिनियात सम वर्षातलं विधेयक विषम वर्षात नेता येतं, पण तेवढ्या मुदतीत हात लावला नाही तर ते आपोआप मरतं. ते तसंच मेलं. डीड्स यांच्या मतदारसंघात शार्लट्सव्हिलबरोबर डोंगरी काउंट्या होत्या, एडवर्ड्स रोनोकचे. त्या दोघांपर्यंत डिसेंबरचा आवाज पोचला असं म्हणायला जागा आहे. पण पीटरसन आणि सुरोव्हेल फेअरफॅक्सकडचे. तिथं एकही ठराव नव्हता. म्हणजे ठरावांमुळेच जिंकलो, हा चळवळीचा लाडका हिशेब निम्माच जुळतो. उरलेला निम्मा मसुद्याच्या ढिसाळपणाला द्यावा लागेल.

बाकीची विधेयकं मात्र एप्रिलमध्ये कायदा झाली आणि १ जुलै २०२० ला लागू झाली. खासगी विक्रीलाही पार्श्वभूमी तपासणी. तीस दिवसांत एकच पिस्तूल, परवानाधारकांना सूट. हरवलेली किंवा चोरीला गेलेली बंदूक ४८ तासांत कळवायची. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं काढून घ्यायचा आदेश, आधी १४ दिवसांचा, मग सुनावणी होऊन १८० दिवसांपर्यंत, आणि तो मागायचा पोलीस किंवा सरकारी वकिलानं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिपब्लिकन ग्लेन यंगकिन राज्यपाल म्हणून निवडून आले. २०२४ मध्ये असॉल्ट रायफलींवरची बंदी दोन्ही सभागृहांतून निघाली आणि त्यांनी ती नकाराधिकारानं अडवली. नोव्हेंबर २०२५ च्या निवडणुकीत राज्यपालपद पुन्हा डेमोक्रॅटांनी जिंकलं.

योगायोग असा की त्याच डिसेंबरात दिल्लीतही हेच चाललं होतं. शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीचा पहिला मसुदा होता एका माणसाकडे तीनऐवजी एकच शस्त्र. राजघराणी, नेमबाज, पंजाब-राजस्थानातले नेते यांनी ओरड केली आणि ९ आणि १० डिसेंबरला संसदेनं मंजूर केला तो आकडा दोन. जास्तीचं शस्त्र वर्षभरात जमा करायचं. ना कुठल्या जिल्हा परिषदेचा ठराव, ना जिममधली सभा. कायदा केंद्राचा, परवाना कलेक्टरचा किंवा पोलीस आयुक्तांचा. मधल्या पायरीवर उभं राहायला जागाच नाही. कोकणात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात ठेवून येतो, ऐन पिकात असली तरी. फार तर पावती नीट जपतो.

व्हर्जिनियात बंदूकमालकांना सर्वांत जास्त बोचलं ते एसबी ३५ आणि एचबी ४२१. तोवर राज्याच्या कायद्यानं गावाशहरांना बंदुकीचे स्वतःचे नियम करायला मनाई होती, आणि ही मनाई टिकवण्यासाठी याच संघटनेनं वर्षानुवर्षं रक्त आटवलं होतं. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता: दर दहा मैलांवर नियम बदलला तर गाडीत पिस्तूल ठेवणाऱ्या प्रामाणिक माणसाला आपण कधी गुन्हेगार झालो ते कळणारही नाही. म्हणजे डिसेंबरात ‘राज्यापेक्षा काउंटी मोठी’ आणि फेब्रुवारीत ‘काउंटीपेक्षा राज्य मोठं’. माणसं तीच, स्टिकर तोच. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. त्यांच्या लेखी बंदूक मोठी, बाकी सगळी पातळी सोयीची. पण हा विरोधाभास समोरच्यांनी अचूक हेरला. ‘स्थानिक लोकांना ठरवू द्या म्हणता ना, घ्या मग,’ म्हणत विधिमंडळानं शहरांना अधिकार देऊन टाकले: सरकारी इमारती, सार्वजनिक उद्यानं, करमणुकीची केंद्रं, आणि परवानगी घेऊन होणारे कार्यक्रम व त्यांच्या लगतचे रस्ते. जूनमध्येच अलेक्झांड्रियानं नियम केला, सप्टेंबरात शार्लट्सव्हिल आणि फेअरफॅक्सनं. या वेळी कागदाला दात होते, आणि कौन्सिलच्या दालनात नारिंगी स्टिकर थोडे. डोंगरातून गाड्या भरून यायला फेअरफॅक्स लांब पडतं, आणि तिथल्या सदस्याला डोंगरातलं मत नको असतं.

तेव्हापासूनचं काम आणखी चिवट. कायद्यानं शहराला एक अट घातली आहे: बंदीची पाटी प्रत्येक इमारतीच्या प्रत्येक दाराशी, प्रत्येक उद्यानाच्या प्रत्येक प्रवेशाशी हवी, आणि कार्यक्रमाच्या रस्त्यालाही येण्याजाण्याच्या जागी हवी. दुमजली ग्रंथालयाला पुढचं, मागचं आणि तळघरातून वर येणारं अशी तीन दारं असतात. ओढ्याकाठच्या उद्यानाला तर फाटकच नसतं, वस्तीतून उतरणाऱ्या पायवाटा असतात. त्यातली प्रवेश कुठली आणि लोकांनी तुडवून पाडलेली कुठली? एक पाटी कमी पडली तर त्या वाटेनं कमरेला पिस्तूल लावून आलेल्यावर खटला टिकवणं अवघड. म्हणून आता बंदूकवाल्यांचे स्वयंसेवक रविवारी नकाशा घेऊन उद्यानाभोवती फिरतात, वाट दिसली की थांबतात, पाटी आहे का बघतात, असली तर झाडोऱ्यानं झाकली गेली आहे का बघतात आणि तारखेसकट फोटो काढतात. पालिकेचा माणूसही त्याच वाटांनी खांब, पाटी आणि कुदळ घेऊन फिरतो. उन्हाळ्यात वेली वाढतात, खांब कलतो, आणि दोघांचीही फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.